आग वाडीत, ऊब घरात: बंब बसवायचा कसा आणि जपायचा कसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. बंडीची दुरुस्ती, फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या हे काम वर्षभर चालतं, पण दसरा झाला की गिऱ्हाईक पाणी तापवायच्या बंबासाठी यायला लागतं. विदर्भ म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. आपल्या हिवाळ्याचं कोणी नाव काढत नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. कुडाच्या नाहीतर टिनाच्या घरात म्हातारं माणूस आणि तान्हं लेकरू तसली रात्र कशी काढतं, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक.

म्हणून लोक शेगडी घरात आणतात. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायचे, ओव्याची धुरी द्यायची, आणि वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या. माझं सगळ्यात जास्त भांडण याच गोष्टीशी आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं, आणि निखारे धूर देत नाहीत तेव्हाही हा वायू निघतच असतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेक बंद करा असं मी कुणालाच म्हणत नाही. शेक द्या, पण आग घरात नेऊ नका. वाडीत, म्हणजे घरालगतच्या मोकळ्या जागेत, बंब लावा आणि त्याचं गरम पाणी आत न्या.

अमेरिका-कॅनडात खेड्यांतली बरीच घरं अशीच तापवतात. अंगणात लाकडाची मोठी भट्टी, तिच्याभोवती पाण्याचा कप्पा, आणि जमिनीखालून पाइपनं ते पाणी घरभर फिरवायचं. आपल्याला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पन्नास लिटरचा बंब, नीट जागेवर आणि नीट जोडलेला, एवढ्यात भागतं.

आधी जागा पाहा. हिवाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून बंब घराच्या दक्षिणेला नाहीतर नैर्ऋत्येला असावा, म्हणजे धूर घराकडं वळत नाही. जाळाचं तोंड वाऱ्याच्या समोर नको, आडवं ठेवा, नाहीतर झुळूक आली की ठिणग्या बाहेर. न्हाणीच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पुरे; त्याहून लांब नेला तर पाणी पाइपातच थंड होतं. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) ढीग, कुटाराची (भुशाची) कोठी आणि गुरांचा गोठा तीस फुटांच्या आत नको. वरून विजेची तार जात असेल किंवा निंबाची फांदी आली असेल तर ती जागा सोडा.

पाया हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती फरशी टाकून बंब ठेवला तर दुसऱ्या वर्षी तो कलतो, पाइपाचा सांधा सुटतो आणि दोष वेल्डरवर येतो. दीड-दोन फूट माती काढून टाका. खाली मुरूम लागला तर उत्तम. नाही लागला तर मुरूम आणून भरा, पाणी मारून थराथरानं धुम्मसानं चोपा. त्यावर चार इंच काँक्रीट, वीतभर उंच ओटा, आणि पावसाचं पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला थोडा उतार.

बंब घेताना लोक तांब्याचा की स्टीलचा यावरच अडतात. तांबं उष्णता फार लवकर वाहून नेतं हे खरं, पण एवढ्या पातळ पत्र्यात तो फरक रोजच्या आंघोळीला जाणवत नाही. पत्र्यावर काजळीचा थर बसला की मात्र लगेच जाणवतो. खिशाला परवडेल तो घ्या. दोनच गोष्टी तपासा: मधला नळा, म्हणजे ज्यातून जाळ वर जातो तो, चार इंचांपेक्षा अरुंद नको, आणि खालची जाळी काढता-घालता आली पाहिजे, कारण जळून जळून सगळ्यात आधी तीच जाते. चिमणी न्हाणीच्या छपरापेक्षा दोन-तीन फूट वर काढा आणि तिच्यावर टोपी बसवा.

आता जोडणी. हा भाग घाईनं वाचू नका.

थंड पाण्याचा एक ड्रम बंबाच्या माथ्यापेक्षा दोन फूट उंच ठेवायचा. त्याचा पाइप बंबाच्या तळाशी जोडायचा. गरम पाणी हलकं असतं, ते वर चढतं, म्हणून न्हाणीत जाणारा पाइप बंबाच्या वरच्या अंगाला. मोटर लागत नाही, लाइन गेली तरी पाणी येतं. या रचनेचा एक मोठा फायदा असा की ड्रम रिकामा झाला तर न्हाणीतला नळ बंद पडतो, पण बंब भरलेलाच राहतो. तळाशी गाळ काढायला एक नळ द्या आणि त्याची मूठ काढून घरात ठेवा, म्हणजे लेकरं खेळता खेळता बंब रिकामा करणार नाहीत. रिकाम्या बंबाखाली जाळ केला तर सांधे सुटतात.

तिसरी नळी वाफेची. ती बंबाच्या माथ्यावरून सरळ वर निघते, ड्रमातल्या पाण्याच्या पातळीच्याही वर जाते आणि तिचं तोंड उघडं असतं. तिला कॉक नाही, बूच नाही. पुष्कळ जण मला म्हणतात, "भाऊ, हे तोंड डागून टाक ना, वाफ कायले वाया जाऊ द्याची?" त्यांना मी एकच उत्तर देतो: पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. जागा मिळाली नाही तर ती पत्रा फाडून घेते. बंद बंब म्हणजे वाडीत ठेवलेला बॉम्ब आहे. कितीही पैसे दिले तरी मी ती नळी बंद करून देत नाही, आणि कोणी करून देत असेल तर त्याच्याकडून करून घेऊ नका.

पाइप निवडताना पांढरा पीव्हीसी वापरू नका. साठ अंशांच्या पुढं तो मऊ पडतो. बंबापासून पहिले तीन फूट लोखंडी जीआय, पुढं सीपीव्हीसी. हा ९३ अंशांपर्यंत चालतो. उघड्या पाइपावर फोमची नळी चढवा, नाहीतर जुन्या गोणपाटाचे तीन-चार वेढे देऊन वरून प्लास्टिक बांधा. मातीखालून न्यायचा असेल तर मोठ्या पाइपात घालूनच न्या, ओली काळी माती सगळी उष्णता पिऊन टाकते.

जळतनाचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायचं तर १६०० किलोकॅलरी झाल्या. वाळल्या लाकडात किलोमागं साडेतीन ते चार हजार असतात. त्यातला तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला तरी सव्वा-दीड किलोत काम होतं. ओलं लाकूड घातलं की जाळाचा बराच भाग त्यातलंच पाणी उडवण्यात जातो आणि नळ्यात डांबरासारखा काळा चिकट थर बसतो. तोच थर पुढं पेट घेतो. धूर पांढरा आणि दाट दिसला तर समजा की जळतन ओलं आहे किंवा खालून हवा लागत नाही. जाळ लहान ठेवा पण मोकळा जळू द्या. तोंड दाबून धुमसत ठेवला म्हणून लाकूड वाचत नाही.

बाभळीचं लाकूड टिकतं, तुराटी भडकन पेटते, आणि पऱ्हाटी तर घरोघरी आहे. तिच्यासाठी रानात जायला नको, आणि आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघाच्या भीतीनं रानात जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. पण पऱ्हाटीचा एक धोका लक्षात ठेवा. वाळक्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच शेतात परत येते. २०१७ साली तिनं आपल्या कपाशीचं काय केलं ते विसरण्यासारखं नाही. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस) न घेता पऱ्हाटी वेळेवर उपटा, बोंडं तोडून तीच आधी बंबात जाळा, आणि ढीग मृग लागायच्या आत संपवा. उरला तर कुट्टी करून शेतात गाडा, पण वावराच्या धुऱ्यावर रचून ठेवू नका. फवारणीचे डबे, खताच्या पिशव्या, चपला यांतलं काहीही बंबात घालायचं नाही. तो धूर घरच्याच माणसांच्या छातीत जातो.

आता शेकाचं सांगतो. घट्ट झाकणाची स्टीलची दुधाची कॅन घ्या. पंधरा लिटरच्या कॅनमध्ये बंबाचं सत्तर अंशांचं पाणी भरा, झाकण पक्कं लावा, घोंगडीत गुंडाळा आणि बाजेखाली ठेवा. ते पाणी पस्तीस अंशांपर्यंत उतरेपर्यंत सव्वापाचशे किलोकॅलरी ऊब देतं, म्हणजे विजेच्या अर्ध्या युनिटाहून जास्त. घोंगडीमुळं ती हळूहळू, रात्रभर सुटते. कॅन बाळाच्या अंगाशी लागणार नाही अशी, बाजेच्या मधोमध ठेवा. आमच्या घरी सुनेच्या बाळंतपणात आईनं आधी नाक मुरडलं, "लेकराले निखाऱ्याचा शेक नको का?" म्हणून. मी तिचा हात धरून बाजेच्या सुतळीवर ठेवला. त्यानंतर शेगडी माळ्यावर गेली ती गेलीच.

न्हाणीत बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. साठ अंशांचं पाणी लेकराचं अंग काही सेकंदांत भाजतं. जाळापाशी बसणाऱ्या बाईनं पदर खोचलेला असावा, नायलॉनची साडी तर नकोच.

निगा फार नाही, पण नेमानं करावी लागते. राख रोज काढा, ओलसर राख लोखंड खाते. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो, म्हणून ती लोखंडी घमेल्यातच काढा आणि कुटारापासून लांब ठेवा. आठवड्यातून एकदा लांब काडीला तारेचा ब्रश नाहीतर काथ्या बांधून नळा घासा, आणि महिन्यातून एकदा चिमणी.

बोअरच्या पाण्याचा क्षार ही आपली दुसरी डोकेदुखी. पाणी तापायला रोजच्यापेक्षा वेळ लागतो आणि आतून खडखड आवाज येतो, तेव्हा तळाशी पांढरी खर बसलेली असते. किराणा दुकानातलं लिंबूसत्व लिटरमागं पंचवीस ग्रॅम घेऊन कोमट पाण्यात विरघळवा, बंबात भरून तीन-चार तास ठेवा, गाळाच्या नळानं सोडून द्या आणि दोनदा साध्या पाण्यानं धुवा. जीआयच्या बंबाला हे करू नका, जस्ताचा थर निघून जातो. त्यात फक्त घासणं. संडास धुवायचं ॲसिड तर कुठल्याच बंबात घालायचं नाही. आणि बंबाचं पाणी प्यायला घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते उकळून जात नाही; पाणी आटलं की उलट दाट होतं.

होळीनंतर बंबाचं काम संपतं. तेव्हा पाणी पूर्ण काढा, झाकण उघडून दोन दिवस उन्हात वाळू द्या, जाळी आणि दाराच्या बिजागरीला तेल लावा, बाहेरून उष्णता सहन करणारा काळा रंग मारा आणि पावसाळाभर चिमणीवर डबा पालथा घाला. दिवाळीच्या आठ दिवस आधी तो डबा काढा, वाफेच्या नळीत चिमणीनं किंवा गांधीलमाशीनं घर केलंय का ते तार घालून पाहा, मगच पाणी भरा. सांधे गळतात का ते रिकाम्या बंबावर नाही, पाणी भरून एक दिवस तसंच ठेवल्यावर कळतं. गळलं तर नरक चतुर्दशीच्या पहाटेआधी दुरुस्तीला वेळ मिळतो.