ब्लाऊजचा नंबर म्हणजे ब्राचा नंबर नव्हे: भरदार छातीसाठी ब्रा घेताना या चुका टाळा

ब्लाऊजचं माप देताना टेप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून फिरतो आणि आकडा येतो, समजा, ४०. तो आकडा डोक्यात पक्का बसतो. ब्रा घ्यायला गेलं की काउंटरवर आपण तोच सांगतो, ‘चाळीस दाखवा.’ मोठ्या छातीच्या बायकांचा त्रास बहुतेक वेळा इथून सुरू होतो. ब्रावरचा आकडा छातीखालच्या घेराचा, म्हणजे बरगड्यांचा असतो. छाती किती भरलेली आहे ते त्यापुढचं अक्षर सांगतं, आणि त्या अक्षराची चौकशी आपल्याकडे फारशी कुणी करत नाही.

कॉलेजात असल्यापासून पस्तिशीपर्यंत मी ४०बी वापरत होते. दुकानातला माणूस नजरेनेच माप घ्यायचा, टोचते म्हटलं की ‘एक नंबर मोठी न्या’ म्हणायचा. घालून बघायची सोय नसायची. संध्याकाळपर्यंत खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठायचे, मान भरून यायची. आपलं अंगच असं आहे, सोसायचं, असं मी पंधरा-सोळा वर्षं धरून चालले होते. माप चुकलं होतं, एवढंच.

‘अधिक चार’चा हिशेब

घरी दार लावून शिवणकामाचा टेप घ्या. श्वास सोडा आणि छातीखाली बरगड्यांना टेप घट्ट लावा. पाठीवर तो खाली घसरलेला नाही ना, आरशात बघा. मग छातीचं माप. छाती जड आणि खाली झुकलेली असेल तर उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं. म्हणून कमरेतून पुढे वाका आणि टेप सैलसर धरून भरलेल्या भागावरून घ्या. माझी मापं आली ३३ इंच आणि ४१ इंच.

पुष्कळ तक्त्यांत छातीखालच्या मापात ४ किंवा ५ इंच मिळवायला सांगितलेलं असतं. तसं केलं तर ३३ अधिक ५, ३८. एक्केचाळिसातून अडतीस गेले, उरले ३, म्हणजे सी कप. माप झालं ३८सी. आता काहीही न मिळवता करून बघा. ३३ला जवळचा सम आकडा ३४. त्याच्यात आणि ४१ मध्ये फरक ७ इंचांचा. इंचाला एक कप धरत गेलं की ए, बी, सी, डी, डीडी, ई आणि सातवा एफ. म्हणजे ३४एफ. एकाच बाईची ही दोन मापं आहेत. पहिलीत छातीखालचा पट्टा चार इंच सैल आणि कप अपुरा. छाती जितकी जड, तितकी ही चूक अंगावर येते.

एफ वाचून दचकू नका. मी दचकले होते. ए ते डी ही अक्षरं १९३०च्या दशकात अमेरिकेत रुळली, तेव्हा ती चारच होती, म्हणून डी म्हणजे शेवट असं अजून वाटतं. प्रत्यक्षात नुसत्या डीला काही अर्थ नाही. ३२डी, ३४सी आणि ३६बी या तिन्हींचे कप साधारण सारख्याच मापाचे असतात. आपलं माप मिळालं नाही तर हेच उपयोगी पडतं: पट्टा एक नंबर वाढवला की कप एक अक्षर उतरवायचा. ३४एफ नसेल तर ३६ई बघा. त्यापुढे मात्र जाऊ नका, पट्टा पुन्हा सैल पडेल.

आणि हो, भाचीला परदेशातून आणायला सांगणार असाल तर देश विचारून घ्या. इंग्लंडमधली एफ अमेरिकेतल्या एफपेक्षा एक कप मोठी असते. युरोपात लेबलवर ७५ लिहिलेली ब्रा आपल्याकडच्या ३४च्या जागी येते, आणि आपल्याकडे मात्र ३४च्या शेजारी ८५ छापलेलं असतं. तो आकडा सेंटिमीटरमधला आहे हे न कळल्याने गोंधळ होतो.

घट्ट वाटली म्हणून मोठा पट्टा घेणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ब्रा आवळते म्हणून आपण पट्टा वाढवतो. पण कप लहान असेल तर स्तन कपाबाहेर पडायला बघतात आणि पट्ट्याचाच कपडा पुढे ओढला जातो. दोष कपाचा, शिक्षा पट्ट्याला. याची खात्री करायला एक सोपी परीक्षा आहे. ब्रा उलटी घाला: कप पाठीवर, हूक पुढे. आता फक्त पट्टा अंगाला लागतोय. तो नीट बसला, श्वास मोकळा आला, खाली दोन बोटं सरकली, तर पट्टा बरोबर आहे आणि कप वाढवायला हवा.

वजन पेलण्याचं मुख्य काम या पट्ट्याचं असतं. तो सैल असला की पाठीवर वर चढतो, पुढून छाती खाली येते, मग आपण खांद्याच्या पट्ट्या आखडत जातो आणि सगळा भार खांद्यावर येतो. खांद्यातले खड्डे, मानेचं दुखणं यातून येतं. पट्टा पाठीवर आडवा, जमिनीला समांतर राहिला पाहिजे. खांद्यावर रुंद पट्ट्या घेऊन थोडं बरं वाटतं, पण खालचा पट्टा सैल असेल तर त्याही रुततातच.

नवी ब्रा घेताना सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक ढिलं होत जाईल तसं आत सरकायला जागा हवी. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर घालावी लागली तर ती घेऊ नका.

घालायची कशी

हूक लावले, वर ओढली, झालं, असं नको. पुढे वाका, काखेच्या बाजूला गेलेला भाग हाताने कपात आणा, दुसऱ्या बाजूलाही तेच करा, मग उभ्या राहा. काखेतली चरबी समजून आपण जो भाग वर्षानुवर्षं कपाबाहेर ठेवलेला असतो, त्यातला बराच स्तनाचाच असतो. असं केल्यावर कप भरून वरून उतू आला, साडीच्या ब्लाऊजवर आडवी घडी दिसली, किंवा वायरवाल्या ब्राचा मधला भाग छातीच्या हाडाला टेकेनासा झाला, तर कप लहान आहे. काखेत वायर टोचते तेव्हाही बहुतेक वेळा कारण हेच असतं: वायर स्तनावर चढून बसते.

कपावर चुण्या पडल्या म्हणजे तो मोठाच आहे, असं लगेच ठरवू नका. बाळाला पाजल्यानंतर किंवा वजन उतरल्यावर वरचा भाग रिकामा आणि खालचा भरलेला राहतो. अशा वेळी वरून कमी उंचीचा कप घेतला की तेच माप बरोबर बसतं.

मऊ, गुळगुळीत कपाचा मोह

टी-शर्ट ब्राचा एकसंध साचा दिसायला छान असतो, पण तो एकाच आकाराला बेतलेला असतो आणि जड छातीत पटकन दबतो. तीन-चार तुकडे शिवून केलेला, शिवण दिसणारा कप जास्त चांगलं धरतो. कटोरी ब्लाऊज ज्यांनी शिवून घेतलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाजूला उभा पट्टा असेल तर आणखी चांगलं. मिनिमायझर ब्राने छाती दिसायला कमी होते खरी, पण ती दाबून पसरवल्यामुळे. रोज दिवसभर तीच घालणं मला योग्य वाटत नाही.

चालायला, पळायला जाणाऱ्यांनी छाती नुसती दाबून धरणारी स्पोर्ट्‌स ब्रा घेऊ नये. दोन्ही स्तनांना वेगळे कप असलेली घ्यावी. स्तनात स्नायू नसतात, त्यांना त्वचा आणि आतले नाजूक तंतू तोलतात, त्यामुळे व्यायामाने ते ‘घट्ट’ होतील ही अपेक्षाही चुकीची आहे. वायरमुळे कॅन्सर होतो ही भीतीही सोडून द्या. २०१४ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रा आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली, तर मात्र ब्राला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

घाम, आणि ओढणीखाली वाळवलेली ब्रा

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत छातीखालच्या घडीत घाम साचतो, लाली येते, खाज सुटते, कधी बुरशी धरते. त्यावर पावडर थापली की तिचा लगदा होतो. अंघोळीनंतर घडी पूर्ण कोरडी करा, आणि कप स्तन उचलून धरणारा असू द्या, म्हणजे त्वचेला त्वचा लागत नाही. आठवड्यात बरं वाटलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

याचा संबंध आपल्या दोरीशीही आहे. ब्रा कुणाला दिसू नये म्हणून ती टॉवेलखाली, ओढणीखाली, मोरीतल्या कोपऱ्यात वाळत पडते. पावसाळ्यात ती दोन दिवस ओलसरच राहते आणि तीच आपण अंगावर चढवतो. उघड्यावर, सावलीत, वाऱ्याला वाळू द्या. घरात कुणी नाक मुरडलं तरी. धुताना पिळू नका, गरम पाणी नको. खांद्याच्या पट्टीला धरून टांगलं तर पट्टी ताणते, म्हणून दोन कपांच्या मधून दोरीवर टाका. आलटून पालटून वापरायला किमान तीन हव्यात. एकच रोज वापरली तर इलॅस्टिकला परत आकसायला वेळ मिळत नाही.

योग्य मापाची ब्रा घातली की जुने ब्लाऊज बसणार नाहीत, हे आधीच धरून चाला. छाती वर उचलली जाते, त्यामुळे टक्सची टोकं किंवा कटोरीचा मधला बिंदू खाली राहतो आणि तिथे फुगा येतो. महागाच्या साडीवरचा ब्लाऊज शिवायला टाकण्याआधी नवी ब्रा घ्या, दोन-चार दिवस वापरून ती पटते का बघा, आणि तीच घालून शिंप्याकडे माप द्यायला जा.