लग आणि चांदीचा डाख: पोलादी सायकल फ्रेमचा सांधा

बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेतलेल्या ‘बटेड’ नळ्या टोकांशी जाड आणि मध्यभागी पातळ असतात. म्हणून नळी कापण्यापूर्वी जाड भाग कुठे संपतो ते तपासून खूण करावी, कारण चुकीच्या जागी कापलेली नळी नंतर सुधारता येत नाही. नळीचे टोक अर्धगोल कानशीने दुसऱ्या नळीच्या गोलाईला बसेल असे घासावे आणि जोड उजेडासमोर धरून पाहावा. फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासावे. (खरे कौशल्य इथेच लागते, ज्योत हाताळण्यात तुलनेने कमी.)

लग (नळ्यांची टोके ज्यात बसतात तो धातूचा जोडतुकडा) आणि नळी एमरी कागदाने चकचकीत करून, तेलाचा अंश पुसून दोन्हींना फ्लक्स (तापलेल्या धातूवर गंज चढू न देणारे रसायन) लावावा. ज्योत सतत हलती ठेवून जाड लगला अधिक उष्णता द्यावी. फ्लक्स पाण्यासारखा पारदर्शक झाला की चांदीच्या डाखाची सळई ज्योतीला न लावता तापलेल्या धातूला टेकवावी. वितळलेली चांदी उष्णतेच्या दिशेने फटीत ओढली जाते आणि लगच्या दुसऱ्या काठावर बारीक रुपेरी रेघ उमटते. सांधा हवेतच निवू द्यावा, मग गरम पाण्यात भिजवून फ्लक्स काढावा.