एपीआयमध्ये एरर हँडल करताना या चुका टाळा

समजा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर ॲप आहे, आणि ते सर्व्हरशी एपीआयमधून बोलतं. व्यापाऱ्याने ऑर्डर टाकली, डेटाबेसमध्ये एंट्री पडलीच नाही, पण सर्व्हरने स्टेटस २०० (म्हणजे 'सगळं ठीक') पाठवला आणि आत उत्तराच्या जेसन डेटामध्ये कुठंतरी 'सक्सेस फॉल्स' लिहिलं. ॲप फक्त स्टेटस बघतं, त्याने हिरवी टिक दाखवली, आणि व्यापारी माल येईल म्हणून वाट बघत बसला. माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, कारण काही बिघडलंय हे कुणाला कळतच नाही. इनपुट चुकलं तर ४००, लॉगिनच नाही तर ४०१, लॉगिन आहे पण परवानगी नाही तर ४०३, आणि ५०० फक्त आपल्याच सर्व्हरचं काही फाटलं तर. युनिक ठेवलेल्या कॉलममध्ये तीच व्हॅल्यू परत टाकली की पोस्टग्रेस डेटाबेस २३५०५ हा कोड देतो, तो पकडून ४०९ (आधीच्या डेटाशी टक्कर) पाठवा, सरसकट ५०० नको.

दुसरं म्हणजे प्रत्येक राउटमध्ये (एपीआयच्या एकेका पत्त्याचा कोड) ट्राय-कॅच (एरर पकडायचा ब्लॉक) आणि कॅचमध्ये नुसतं कन्सोल लॉग, बस्स. रिस्पॉन्स जातच नाही, मग रिक्वेस्ट टाइमआउट होईपर्यंत लटकून राहते. नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) एक्सप्रेस फ्रेमवर्क वापरत असाल तर सगळ्या राउटच्या खाली एकच एरर मिडलवेअर (सगळे एरर झेलणारं फंक्शन) लावा. त्याला चार आर्ग्युमेंट (एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट) लागतात म्हणजे लागतातच, शेवटचा नेक्स्ट वापरत नाही म्हणून उडवला की एक्सप्रेस त्याला साधा मिडलवेअर समजतं आणि एरर तिथं येतच नाही, आणि हे शोधण्यात लोकांची अख्खी दुपार जाते. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक फंक्शनमधला एरर स्वतः नेक्स्टला द्यावा लागतो, ५ मध्ये तो आपोआप पोचतो. आणि नोड १५ पासून न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन (असिंक काम फसणं) अख्खी प्रोसेसच पाडतं, हे ध्यानात ठेवा.

डेटाबेसचा एरर मेसेज जसाच्या तसा क्लायंटला पाठवू नका हो, टेबलची नावं, क्वेरी, सगळं बाहेर जातं. युजरला साधा मेसेज आणि रिक्वेस्ट आयडी द्या, लॉगमध्ये त्याच आयडीखाली पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कुठल्या ओळींतून आला त्याची यादी) ठेवा, म्हणजे फोन आला की आयडी विचारून थेट तिथं पोचता येतं. पासवर्ड, ओटीपी मात्र लॉगमध्ये सुद्धा नको.

लाइव्ह करायच्या आधी लोकलला डेटाबेस मुद्दाम बंद करा आणि एकेक राउट मारून बघा. जेसनऐवजी एचटीएमएल पेज आलं तर तो एरर तुमच्या मिडलवेअरपर्यंत पोचलेलाच नाही, आधी तो राउट दुरुस्त करा.