अमेरिकेत एमआयएसची दुसरी बॅचलर पदवी: अर्जाआधी कागदावर मांडायचा हिशेब

एमआयएस म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स. त्यातल्या दुसऱ्या बॅचलर पदवीची अट बहुतेक अमेरिकन विद्यापीठं एका ओळीत सांगतात: आधीच्या पदवीनंतर किमान ३० क्रेडिट आमच्याकडे पूर्ण करा. प्रत्येकी ३ क्रेडिटचे दहा विषय, म्हणजे एका वर्षात सुटका, असं समजून अर्ज भरणारे पहिल्याच सेमिस्टरला अडकतात. हा आकडा येतो मान्यतेच्या नियमातून. टेक्ससमधली बहुतेक विद्यापीठं ज्या एसएसीएससीओसी या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या कक्षेत येतात, तिचा नियम असा की पदवीची किमान २५ टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवलेली असावीत. पदवी साधारण १२० क्रेडिटची, त्याचे २५ टक्के ३०. एमआयएस शिकून व्हायला किती क्रेडिट लागतात, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

खरा आकडा काढायचा तर एमआयएस कुठल्या कॉलेजात आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तो बिझनेस स्कूलचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय असतो. त्यामुळे पदवी बीबीएची असते आणि बिझनेसचे सगळे पायाभूत विषय गळ्यात पडतात. खालच्या थरात फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस कॅल्क्युलस. मधल्या थरात फायनान्स, मार्केटिंग, मॅनेजमेंट, ऑपरेशन्स, बिझनेस लॉ. त्यावर मेजरचे आठ-दहा विषय. आधीची पदवी इंजिनिअरिंगची किंवा आर्ट्सची असेल तर बेरीज सहज ६० क्रेडिटच्या आसपास जाते. कॉमर्सवाल्यांचं ओझं हलकं होतं, पण जुने विषय मान्य झाले तरच.

खालचा थर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजात उरका. फी बरीच कमी पडते. टेक्ससमध्ये या विषयांना राज्यभर एकच क्रमांक असतात: अकाउंटिंगला एसीसीटी २३०१ आणि २३०२, मॅक्रोला ईसीओएन २३०१, मायक्रोला २३०२, बिझनेस कॅल्क्युलसला मॅथ १३२५. क्रमांक जुळला की क्रेडिट हलवताना वाद होत नाही. मधला थर मात्र तिथे करू नका. बिझनेस स्कूल तो तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचाच मागतं आणि कम्युनिटी कॉलेजचे विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे धरले जातात.

टेक्ससची आणखी एक गोम: सरकारी विद्यापीठाच्या बॅचलर पदवीला अमेरिकन इतिहासाची ६ आणि शासनव्यवस्थेची ६ क्रेडिट कायद्यानेच लागतात. दुसरी पदवी आहे म्हणून सामान्य शिक्षणाचे बाकीचे विषय माफ होतात, पण हे चार होत नाहीत. पुण्या-मुंबईहून पदवी घेऊन आलेल्याने १२ क्रेडिट इथेच मोजून ठेवावीत.

आता साखळी. मेजरचे विषय हवे तसे घेता येत नाहीत. प्रोग्रॅमिंगशिवाय डेटाबेस मिळत नाही, डेटाबेसशिवाय सिस्टिम्स ॲनालिसिस मिळत नाही, आणि त्याशिवाय शेवटचा कॅपस्टोन प्रोजेक्ट नाही. फॉल, स्प्रिंग, फॉल, स्प्रिंग अशी चार सेमिस्टर यातच जातात, मग एकूण क्रेडिट ३० असोत की ६०. त्यातला एखादा विषय वर्षातून एकदाच होत असेल आणि तो वर्ग भरला, तर अख्खं वर्ष गेलं. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी त्या वर्षाचा कॅटलॉग उघडा, प्रत्येक विषयापुढे त्याचे प्रीरिक्विझिट (त्याआधी करावे लागणारे विषय) आणि तो कुठल्या सेमिस्टरला होतो ते लिहा, आणि कॅपस्टोनपासून उलटे मागे या. पहिला विषय कधी सुरू करायचा ते तिथे दिसतं.

भारतीय पदवीचं मूल्यांकन करून घेताना 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालच मागवा. नुसता पदवीचा अहवाल क्रेडिट मिळवायला निरुपयोगी. तीन वर्षांच्या बीकॉमचं काय होईल हे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेवर अवलंबून असतं. त्यातली डब्ल्यूईएस ही संस्था प्रथम श्रेणी आणि नॅकची 'ए' किंवा वरची श्रेणी असेल तर ती बॅचलरच्या बरोबरीची धरते. तसं नसेल आणि विद्यापीठाने ते फक्त तीन वर्षांचं शिक्षण मानलं, तर तुम्ही दुसऱ्या पदवीचे उमेदवार नसून ट्रान्सफर विद्यार्थी ठरता आणि माफ झालेले विषय परत येतात. अहवालात 'अकाउंटन्सी अँड फायनान्शियल मॅनेजमेंट' एवढंच नाव आलं की एसीसीटी २३०१ आपोआप मिळत नाही. त्या वर्षाचा अभ्यासक्रम, घटक आणि तासांसह, विभागाकडे द्यावा लागतो. तो आपल्या कॉलेजातून आधीच मिळवून ठेवा. मान्यता मिळाली की ईमेलवर लेखी घ्या, ॲडव्हायझर बदलतात.

अर्जात 'पोस्ट-बॅकलॉरिएट' आणि 'सेकंड बॅचलर्स' हे पर्याय एकच समजू नका. पहिल्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी पदवीविना सुटे विषय घेणारा विद्यार्थी, ज्याला वर्गात जागा शेवटी मिळते. काही विद्यापीठं दुसरी बॅचलर देतच नाहीत किंवा मोजक्याच मेजरना देतात, हेही आधी विचारा.

पैशाचं थोडक्यात. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलात तरी एक बॅचलर झाल्यावर पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही. फेडरल कर्ज मिळतं, पण पदवीपूर्व कर्जाच्या एकूण मर्यादेत, जी स्वतंत्र (पालकांवर अवलंबून न धरलेल्या) विद्यार्थ्याला ५७,५०० डॉलर आहे. पहिल्या पदवीचं कर्जही त्यातच मोजलं जातं. करात लाइफटाइम लर्निंग क्रेडिट वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांना शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही, अर्धवेळही चालतं, आणि टेक्ससमध्ये १२ महिने वास्तव्याची अट पूर्ण झाली की राज्यातली फी लागू होऊ शकते.

एफ-१ वाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी, मात्र दोनदा विचार करावा. सेमिस्टरला १२ क्रेडिट सक्तीची, त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करण्याची तात्पुरती परवानगी, प्रत्येक वरच्या पातळीला एकदा मिळतो, म्हणून अमेरिकेतच पहिली बॅचलर करून ओपीटी वापरला असेल तर दुसरीवर पुन्हा नाही. शिवाय एमआयएसचा नेहमीचा वर्गीकरण क्रमांक ५२.१२०१ स्टेम यादीत (ज्या विषयांना ओपीटी वाढवून मिळतो त्यांच्या) नाही, तर ११.०४०१ आहे, विद्यापीठाने कुठला लावलाय ते आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर छापलेलं असतं. अशांना ३० ते ३६ क्रेडिटची मास्टर्स बहुधा जास्त सोयीची. दुसरी बॅचलर त्यांच्यासाठी, ज्यांना मास्टर्सला प्रवेश मिळण्याइतके गुण नाहीत, किंवा जे अकाउंटिंग आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही अगदी पहिल्यापासून शिकणार आहेत.