कीनायला साल्मन धरायला जाताना

आधी घरचा फ्रीझर उघडून बघा. गळ, दांडी, बूट हे सगळं नंतर. अलास्कातल्या कीनाय नदीवर मिळणारा सॉकाय साल्मन साधारण अडीच-तीन किलोचा भरतो आणि साफ करून निम्म्याहून थोडं जास्त मांस हाती लागतं. दोघांनी मिळून 12 मासे धरले तर वीस किलोच्या आसपास झालं. तेवढी जागा आहे का, वर्षभरात तेवढं खाऊन संपेल का, हे घरीच ठरवा. हा मासा दोन-तीन वर्षं समुद्रात काढून आयुष्यात एकदाच अंडी घालायला नदीत परततो आणि मग मरतो. त्याला वाटेत आपण उचलणार असू, तर त्याची एक तुकडीही वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुढची सगळी यादी मी त्याच हिशेबाने करते.

तारखा मासाच ठरवतो. कीनायवर सॉकायची मोठी लाट जुलैच्या मध्यापासून महिनाअखेरीपर्यंत येते. नदीच्या 19व्या मैलावर अलास्काच्या मत्स्य खात्याचं सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे मोजणारं यंत्र, बसवलेलं आहे आणि हंगामात रोज किती मासे वर गेले याचा आकडा खातं जाहीर करतं. निघण्याच्या आधी आठवडाभर तो बघत राहा. आकडा एकदम चढला की वरच्या भागात मासे पोचायला थोडे दिवस लागतात, हेही लक्षात ठेवा. राहण्याची सोय मात्र वसंतातच करून टाका, कारण त्या दोन आठवड्यांत नदीकाठच्या सोल्डोट्ना गावात खोली मिळणं कठीण असतं. अँकरेजहून गाडीने तिथे पोचायला तीन तास धरा.

परवाना ऑनलाइन निघतो. बाहेरून येणाऱ्यांमध्ये 16 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला तो वेगळा लागतो. सॉकायची मर्यादा एरवी माणशी दिवसाला 3. पण मासे भरपूर आले तर खातं ती वाढवतं, कमी आले तर हंगाम बंदही करतं, आणि असा आदेश ऐन वेळी निघू शकतो. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी नियम पुन्हा वाचा. किंग साल्मनची, म्हणजे साल्मनच्या सगळ्यात मोठ्या जातीची, आशा धरून जाऊ नका. 1985 साली याच नदीत 97 पौंडांचा किंग मिळाला होता, दांडी-गळाने धरलेल्या किंगचा तो आजही विक्रम आहे. पण आता किंगची संख्या फार घटली आहे आणि अलीकडच्या हंगामांत त्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. नदीच्या मुखाशी लोक मोठ्या हातजाळ्यांनी मासे काढताना दिसतील. ती मुभा फक्त अलास्काच्या रहिवाशांना आहे.

सामानात सगळ्यात आधी ध्रुवीकृत काचांचा गॉगल. पाण्यातला मासा दिसतो म्हणून तो हवाच, पण त्याहून मोठं कारण डोळ्यांचं आहे. गळ सुटला की शिशाचं वजन गोळीसारखं मागे उडतं, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या मुलांनाही गॉगल घाला. मग छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार, आणि त्यांवर कमरेचा पट्टा. पट्टा नसेल तर पाय घसरल्यावर आत पाणी भरतं, आणि हे पाणी हिमनदीचं आहे, जुलैतही हाडं गारठवणारं. खोल जायची गरजच नसते. सॉकाय काठाला धरून, गुडघाभर पाण्यातून वर जातात. नवखा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि मासे त्याच्या पाठीमागून निघून जातात. काठावर उतरताना बांधलेल्या पायऱ्यांवरूनच उतरा. तिथल्या गवताच्या मुळांशी साल्मनची पिल्लं वाढतात.

दांडी मजबूत, तंगूस 20-25 पौंडांची, गळ एकेरी. नदीत शिरल्यावर सॉकाय जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे आमिषापेक्षा गळ प्रवाहासोबत तळालगत वाहवत नेण्याचा सराव उपयोगी पडतो. गळ तोंडाबाहेर कुठे अडकला तर मासा लगेच सोडायचा असतो, म्हणून लांब चोचीची पक्कड गळ्यात अडकवलेली असू द्या. डासांचं औषध आणि पावसाचं जाकीट घ्याच. रात्री फार उशिरापर्यंत उजेड असतो, तेव्हा डोळ्यांवर बांधायला पट्टी ठेवा. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात चालत नाही, तो तिथे उतरल्यावर विकत घ्या. आणि डबा किंवा मासे सोडून दहा पावलंही लांब जाऊ नका.

माझ्या मते धारदार सुरी आणि भरपूर बर्फ हे दांडीहून महत्त्वाचे. पहिल्या खेपेला आम्ही बर्फ कमी नेला होता, आणि संध्याकाळपर्यंत चार माशांचं मांस मऊ पडलं. अजून हळहळ वाटते. मासा मिळाल्याबरोबर डोक्यावर दणका द्या, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, मग तो सरळ बर्फात. गावात व्हॅक्यूम पॅक करून गोठवून देणारी दुकानं आहेत, त्यांची वेळ आधी ठरवा. विमानासाठी 50 पौंडांपर्यंतचा जाड खोका घ्या; सुका बर्फ (ड्राय आइस) घालणार असाल तर माणशी अडीच किलोची मर्यादा आहे.

हळद, तिखट, कोकम बरोबर न्या, मात्र हात आवरता ठेवा. मुंबईत साल्मन म्हणून रावस खाल्लेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण रावस वेगळ्याच कुळातला आहे. सॉकायला स्वतःचं तेल असतं, तव्यावर चमचाभर पुरतं. कच्चा खायचा बेत असेल तर उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलेलाच खा. घरचे सगळे फ्रीझर तिथवर उतरत नाहीत, तेव्हा थर्मामीटर लावून बघा. मादीच्या पोटातली गाभोळी खोक्यात भरू नका. ती त्याच संध्याकाळी हळद-मीठ लावून, मंद आचेवर, झाकण ठेवून.