प्रायमर आणि मिनरल फाउंडेशन लावताय? आधी या चुका टाळा

रोजच्या मेकअपला प्रायमर आणि मिनरल फाउंडेशन हवंच का, याचं आधी सरळ उत्तर देऊन टाकते. प्रायमर, म्हणजे त्वचा गुळगुळीत दिसावी म्हणून फाउंडेशनच्या खाली लावायचा थर, ही रोज लावायची वस्तू नाहीये, निदान पुण्यात रोज टू-व्हीलरवर फिरणाऱ्या आणि सनस्क्रीन नीट लावणाऱ्या मुलीला तरी तिची गरज नाही. मिनरल फाउंडेशन, म्हणजे खनिजांची सुटी पावडर, मात्र रोजच्याला खरंच छान आहे, पण ते लावायची पद्धत लिक्विडपेक्षा पूर्ण वेगळी असते आणि दुकानात ती कोणी समजावून सांगत नाही. ‘पैसे वाया गेले’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचं प्रॉडक्ट वाईट नसतंच, खालचा थर ओला असतो.

मला हे कळलं ते चुलत बहिणीच्या साखरपुड्यात. मे महिना, कर्वेनगरातलं कार्यालय, घरून निघताना आरशात सगळं व्यवस्थित होतं आणि ओवाळायला उभी राहिले तर आत्या हळूच कानात म्हणाली, "अगं, हनुवटीपाशी काय निघतंय ते बघ, फोटो काढायच्या आधी पूस." हात लावला तर वहीत खोडरबर घासल्यावर जसा बारीक वळलेला चुरा पडतो ना, अगदी तस्सा चुरा बोटाला आला. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, लिक्विड फाउंडेशन, सगळं पंधरा मिनिटांत एकावर एक थापलं होतं. याला पिलिंग म्हणतात आणि प्रायमरबद्दलची निम्मी तक्रार हीच असते.

हे होतं का, तर बहुतेक प्रायमर सिलिकोनचे असतात. डब्यामागची यादी वाचा, पहिल्या पाच-सहा नावांत डायमेथिकोन किंवा शेवटी ‘सिलोक्सेन’ असलेलं नाव दिसलं की समजायचं सिलिकोन आहे. त्यावर पाण्याचा बेस असलेलं लिक्विड फाउंडेशन घासलं तर ते धरत नाही, सरकतं आणि गोळा होतं. म्हणून सिलिकोनवर सिलिकोन, पाण्यावर पाणी, एवढं जुळवा. आणि बऱ्याच सनस्क्रीनमध्येही सिलिकोन असतंच, म्हणजे सनस्क्रीन लावून चेहरा आधीच मऊ गुळगुळीत लागत असेल तर प्रायमरचं काम तिथंच झालेलं असतं, वर अजून एक थर कशाला हवा?

दुसरं म्हणजे किती लावायचं. अख्ख्या चेहऱ्याला नाहीच लावायचं! वाटाण्याएवढा घ्या, नाकाच्या दोन्ही बाजू, कपाळाचा मधला भाग, हनुवटी, बास, आणि चोळू नका, बोटानं दाबून बसवा. पोअर्स, म्हणजे त्वचेवरची बारीक छिद्रं, ‘बंद’ होतील ही अपेक्षाही सोडा, सिलिकोन तो खड्डा वरवर भरतं आणि उजेड थोडा पसरवतं म्हणून पोअर्स कमी दिसतात, संध्याकाळी तोंड धुतलं की जसे होते तसे. आणि प्रत्येक थरानंतर थांबा. सनस्क्रीननंतर निदान दहा मिनिटं, तेवढ्यात जेवणाचा डबा भरा, केस विंचरा, साडीच्या निऱ्या घाला, काहीही करा पण चेहऱ्याला हात लावू नका. मग एक टिश्यू नुसता दाबून बघा, चिकटला तर अजून थांबायचं.

आता मिनरल फाउंडेशन. ही म्हणजे सुटी पावडर, मायका (अभ्रक), टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड, साधारण एवढंच. लिक्विडसारखं यात पाणी किंवा तेल नसतं, म्हणून खाली ओलं असेल तिथं ती डाग धरून बसते आणि कोरडं असेल तिथं पापुद्र्यांना चिकटते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी होते तेव्हा नाकाच्या कडेला ही पावडर भेगाळलेली दिसते ती यामुळंच, त्या दिवसांत मॉइश्चरायझर वाढवा, पावडर नाही.

लावायचं असं. झाकणात चिमूटभर पावडर काढा, अगदी चिमूटभर, दाट केसांचा काबुकी ब्रश त्यात गोल फिरवा, मग ब्रशचा दांडा टेबलावर हळूच आपटा म्हणजे पावडर केसांच्या आत जाते, आणि वर राहिलेली झाकणाच्या कडेला झटका. मग गालापासून सुरू करून बाहेरच्या दिशेनं लहान गोल गोल. झाल्यावर लगेच आरशात बघून ‘कव्हर होत नाहीये’ म्हणून दुसरा थर थापू नका, हीच सगळ्यात मोठी चूक आहे. दहा मिनिटांत चेहऱ्यावरचं तेल त्यात मिसळतं, पावडर बसते, रंग जरा बदलतो, खरं काय दिसतंय ते तेव्हा कळतं. गालावर बारीक लव असेल तर शेवटचा हात वरून खाली फिरवा, नाहीतर उन्हात ती लव पांढरी उठून दिसते. आणि लावताना पावडर उडते, त्यामुळं फॅन बंद ठेवा, श्वासावाटे ती आत जायला नको.

आता स्कार्फ. तोंड घट्ट बांधून कोथरूडहून हिंजवडीला जायचं म्हणजे पाऊण तास घाम आणि घर्षण, त्यात कुठलंही फाउंडेशन निम्मं स्कार्फलाच लागणार, आणि प्रायमर लावून ते वाचेल ही आशा मी तरी सोडली. मी घरून फक्त सनस्क्रीन लावून निघते, ऑफिसात पोचल्यावर टिश्यूनं घाम टिपते, पुसत नाही, पाच मिनिटं एसीत बसते आणि मग दोन मिनिटांत पावडर. जुलैच्या दमट हवेतसुद्धा हे चालतं. लिक्विडनं हे वॉशरूममध्ये करून बघा, जमत नाही.

शेडबद्दल थोडं. टायटॅनियम आणि झिंक दोन्ही मुळात पांढरे, त्यामुळं शेड जरा चुकली की आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ रंगावर चेहरा राखाडी दिसतो. हातावर लावून बघू नका, जबड्याच्या कडेला, मानेला लागून लावा. तुळशीबागेत घेत असाल तर दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, राममंदिराच्या अंगणात उजेडात जाऊन दहा मिनिटांनी बघा, मगच पैसे द्या. आपल्या बऱ्याच जणींचा अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाआडची छटा, पिवळट असतो, गुलाबी शेड कितीही गोड वाटली तरी घेऊ नका.

‘मिनरल’ लिहिलंय म्हणजे त्वचेला काही होणारच नाही असंही नाही. साध्या फाउंडेशनमध्येही हीच टायटॅनियम आणि आयर्न ऑक्साइडं असतात. मिनरल लावल्यावर घाम आला की खाज सुटत असेल तर यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड शोधा, कधी नावाऐवजी नुसता सीआय ७७१६३ हा नंबर असतो. मोत्यासारखी चमक त्यानंच येते आणि काहींना त्याचीच खाज येते, तो नसलेला डबा घेतला की प्रश्न सुटतो. पिंपल्स वाढले तर मात्र आधी ब्रश बघा, आठवड्यातून एकदा शाम्पूनं धुवून आडवा वाळवायचा, ओला वापरायचा नाही.

आणि डब्यावर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, लिहिलाय म्हणून सनस्क्रीन सोडू नका प्लीज. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, एवढी पावडर कोणी चेहऱ्यावर लावत नाही.

मग प्रायमर घ्यायचाच कधी? लग्न, मुंज, दिवसभर फोटो, नाकावर फार तेल सुटतं, अशा वेळी घ्या, आणि मोठा डबा नाही, छोटी ट्यूब. तरी खात्री नसेल तर एका सुट्टीच्या दिवशी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला प्रायमर लावा, उजवीला नको, वर दोन्हीकडं तेच फाउंडेशन, आणि संध्याकाळी पाच वाजता खिडकीपाशी उभं राहून बघा. माझ्या गालांवर काहीच फरक नव्हता, नाकाजवळ होता, म्हणून आता माझा प्रायमर फक्त नाकापुरता उरलाय.