सिस्टिम कॉलचे आर्ग्युमेंट कर्नलमध्ये पकडताना कचरा दिसतोय? मग हे वाचा

ओपनअ‍ॅटवर (फाइल उघडायचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) केप्रोब लावला, म्हणजे कर्नलच्या फंक्शनवर आपला हँडलर चालवणारा सापळा, आणि हँडलरला मिळणाऱ्या रजिस्टरांच्या नोंदीतून (रेग्ज) फाइलचं नाव मिळेल म्हणून रेग्ज->एसआय प्रिंट केलं आणि भलतंच काहीतरी आलं? माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्यात.

आधी सरळ हिशेब. 64 बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर लिनक्समध्ये कॉलचा नंबर आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधला छोटा कप्पा) असतो आणि आर्ग्युमेंट जास्तीत जास्त सहा, क्रमाने आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर10, आर8, आर9. साध्या सी फंक्शनला चौथं आरसीएक्समधून जातं, इथे आर10, कारण कर्नलमध्ये नेणारी सिसकॉल इन्स्ट्रक्शन स्वतःच परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये कोंबते, म्हणजे तिथे काही ठेवलं असेल तर ते गेलंच समजा.

कर्नलमध्ये शिरल्या शिरल्या ही सगळी रजिस्टरं स्टॅकवर पीटी_रेग्ज या स्ट्रक्टमध्ये जातात (तिथे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स यांची नावं नुसती डीआय, एसआय, डीएक्स). नंबर हवा असेल तर ओरिग_एएक्स बघा, एएक्स नाही, त्यात सुरुवातीला उणे 38 भरलेलं असतं, म्हणजे 'असा कॉलच नाही', आणि खरं उत्तर नंतर तिथेच येतं.

आता गोची. कर्नल 4.17 पासून एक्स64_सिस_ओपनअ‍ॅट (पुढे दोन अंडरस्कोर) या फंक्शनला सुटे आर्ग्युमेंट मिळतच नाहीत, एकच मिळतं, ते म्हणजे प्रोग्रामच्या पीटी_रेग्जचा पॉइंटर. म्हणजे केप्रोब तुम्हाला जे रेग्ज देतो त्याच्या डीआयमध्ये दुसऱ्या रेग्जचा पत्ता आहे, डब्यात डबा. आधी तो पॉइंटर काढा, मग त्यातलं एसआय घ्या, तेच फाइलचं नाव. फ्लॅग्ज त्यातल्याच डीएक्समध्ये.

नाव म्हणजे तरी काय, युजर स्पेसमधला, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतला पॉइंटर, तो थेट वाचायला जाऊ नका. केप्रोबच्या हँडलरमध्ये झोपता येत नाही, त्यामुळे नेहमीचं कॉपी_फ्रॉम_युजरही नको, स्ट्रएनकॉपी_फ्रॉम_युजर_नोफॉल्ट वापरा. पान मेमरीत नसेल तर ते गुमान एरर देऊन परत येतं, तेवढी एक नोंद सोडून द्यायची.

रिटर्न व्हॅल्यूसाठी केरेटप्रोब, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडताना चालणारा सापळा. तिथे रेग्ज_रिटर्न_व्हॅल्यू मारलं की झालं, पण ते लाँगमध्ये कास्ट करा हो! मी अनसाइन्ड (बिनचिन्हाचा आकडा म्हणून) छापलं होतं आणि लॉगमध्ये 18446744073709551614 बघून मेमरी करप्ट झाली असं वाटलं, ते निघालं साधं उणे 2, फाइलच सापडली नव्हती. कर्नलमध्ये एरर अशीच उणे आकड्यात येते, उणे 1 ते उणे 4095, एररनो (प्रोग्रामला दिसणारा एरर नंबर) वगैरे नंतर लायब्ररी बनवते.

आणि बाहेर पडताना हँडलरला मिळणाऱ्या डीआयवर भरवसा नको, तोवर फंक्शनने ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लावलेलं असतं. म्हणून फंक्शन सुरू होताना चालणाऱ्या एंट्री_हँडलरमध्येच नाव कॉपी करून केरेटप्रोबच्या डेटामध्ये ठेवा (त्या जागेचा आकार, डेटा_साइज, द्यायला विसरू नका), बाहेर पडताना तेच उचला. लोड वाढल्यावर मधूनच काही कॉल गायब वाटले तर एनमिस्ड (हुकलेल्या कॉलची मोजणी) बघा, शून्य नसेल तर मॅक्सअ‍ॅक्टिव्ह (एका वेळी किती कॉल पकडायचे तो आकडा) वाढवा.